विंडोजच्या इन्स्टॉलेशन इमेजमध्ये अपडेट समाविष्ट करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यासाठी आहेत. एकाच प्रकारचे अनेक संगणक वारंवार बसवावे लागतात, किंवा जेथे इंटरनेट नाही अथवा फार मंद आहे अशा ठिकाणी काम करावे लागते, त्यांच्या उपयोगासाठी ती लिहिली आहेत. एकाच संगणकावर वर्षातून एकदा विंडोज टाकणाऱ्याने हा खटाटोप करण्याची गरज नाही.

इमेजमध्ये अपडेट समाविष्ट करणे म्हणजे नेमके काय?

आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवसापर्यंतच्याच दुरुस्त्या तिच्यात असतात. तिच्यावरून सहा महिन्यांनी विंडोज बसवले, तर नवा कोरा संगणक सहा महिने जुन्या त्रुटींसह सुरू होतो आणि पहिले काही तास अपडेट उतरवण्यात व पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होण्यात जातात. हीच अपडेट इन्स्टॉलेशन सुरू होण्याआधी, म्हणजे विंडोज चालू नसताना, इमेजच्या आतल्या फाइलींना लावून ठेवली की बसवल्याक्षणी संगणक अद्ययावत असतो. या पद्धतीला ऑफलाइन सर्व्हिसिंग म्हणतात. जुने जाणकार तिला अजूनही स्लिपस्ट्रीमिंग म्हणतात.

विंडोज एक्सपीच्या काळात हे काम वेगळ्या पद्धतीने चालत असे. सर्व्हिस पॅकच्या फाइलीला इंटिग्रेट हा स्विच देऊन सीडीवरच्या फाइलींची अदलाबदल केली जाई. व्हिस्टापासून विंडोज विम या स्वरूपातील इमेजमधून, म्हणजे संपूर्ण प्रणाली एकत्र बांधलेल्या फाइलीतून, येऊ लागले आणि तेव्हापासून सगळे तंत्र इमेज माउंट करणे (फोल्डरसारखी उघडणे), तिच्यात बदल करणे आणि बदल कमिट करणे (तिच्यात कायम साठवणे) या तीन क्रियांभोवती फिरते.

यासाठी काय काय लागते?

डिझम हे कमांडवरून चालणारे साधन विंडोजमध्येच असते. मात्र ज्या इमेजवर काम करायचे तिच्यापेक्षा जुन्या विंडोजमधील डिझम वापरू नये. शंका असेल तर विंडोज असेसमेंट अँड डिप्लॉयमेंट किट, म्हणजे एडीके, बसवून त्यातील डिझम वापरावे. अंतिम आयएसओ बनवण्यासाठी लागणारे ऑस्कडिमेज हे साधनही त्याच किटमध्ये मिळते.

माउंट करण्याचे फोल्डर एनटीएफएस ड्राइव्हवर, रिकामे आणि शक्य तितक्या छोट्या मार्गावर असावे. सी ड्राइव्हच्या मुळाशी एकच शब्दाचे फोल्डर सर्वांत बरे. मोकळी जागा पन्नास गिगाबाइटच्या आसपास ठेवावी, कारण मूळ फाइल, माउंट केलेली प्रत, तात्पुरत्या फाइली आणि एक्सपोर्ट केलेली नवी फाइल अशा सगळ्यांना एकाच वेळी जागा लागते. अँटिव्हायरसला या फोल्डरकडे दुर्लक्ष करायला सांगितले तर वेळही वाचतो आणि अर्ध्यात अडकण्याचे प्रकारही कमी होतात.

अपडेट मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. तेथून उतरवलेल्या एमएसयू फाइलीच्या (अपडेटच्या पॅकेजच्या) नावात केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला क्रमांक) आणि प्रोसेसरचा प्रकार यांच्यानंतर अंडरस्कोअर असतो आणि त्यापुढे चाळीस अक्षरांची एक लांबलचक साखळी असते. ही साखळी म्हणजे त्या फाइलीचा शा-१ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. पॉवरशेलमध्ये हॅश काढून तो नावाशी ताडून पाहायला एक मिनिट लागते. अर्धवट उतरलेली फाइल इमेजमध्ये घालण्याच्या प्रयत्नात तासभर घालवण्यापेक्षा हे मिनिट केव्हाही परवडते.

अपडेट फक्त इन्स्टॉल विम या फाइलीत घातली की काम झाले का?

नाही. या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवर एक विंडोज नसते, तर लहानमोठ्या तीन विंडोज असतात. पहिली बूट विममध्ये असते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर जी निळी-जांभळी इन्स्टॉलेशनची खिडकी दिसते, ती या छोट्या विंडोजवर चालते, आणि तिला विनपीई म्हणतात. बूट विममध्ये दोन इंडेक्स, म्हणजे क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र इमेज, असतात. पहिला साधा विनपीई आणि दुसरा विंडोज सेटअप. दुसरी विंडोज म्हणजे इन्स्टॉल विम, म्हणजेच प्रत्यक्षात डिस्कवर उतरणारी मुख्य प्रणाली. तिसरी या मुख्य प्रणालीच्याच पोटात दडलेली असते. विंडोज फोल्डरमधील सिस्टम ३२, त्यात रिकव्हरी, आणि त्यात विनआरई विम नावाची फाइल. संगणक बिघडल्यावर दुरुस्तीचे जे पर्याय समोर येतात, ते या तिसऱ्या विंडोजमधून येतात.

बहुतेक लोक दुसरीत अपडेट घालतात आणि उरलेल्या दोघींना विसरतात. विनआरई विसरण्याचे परिणाम जानेवारी २०२४ मध्ये जगभर दिसले. दुरुस्ती प्रणालीच्या वाटेने बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कच्या एन्क्रिप्शनचे, संरक्षण ओलांडता येण्याची एक त्रुटी होती आणि ती बुजवण्यासाठी केबी ५०३४४४१ हे अपडेट आले. पण त्यासाठी रिकव्हरी विभाजनात २५० मेगाबाइट मोकळी जागा लागत होती आणि असंख्य संगणकांवर ती नव्हती. परिणामी अपडेट ८००७०६४३ हा कोड दाखवून पुन्हा पुन्हा अपयशी होत राहिले, आणि सामान्य वापरकर्त्याला विभाजनांचा आकार हाताने बदलण्याच्या सूचना वाचाव्या लागल्या. इमेज बनवतानाच विनआरई अद्ययावत केलेली असेल आणि रिकव्हरी विभाजन ऐसपैस व मुख्य विभाजनाच्या लगेच पुढे ठेवलेले असेल, तर बसवलेल्या संगणकांवर नंतर अशी वेळ येण्याची शक्यता खूपच कमी होते.

अपडेट कोणत्या क्रमाने घालायची?

क्रम चुकला तर डिझम दर वेळी तक्रार करतेच असे नाही. अनेकदा सगळे सुरळीत झाल्यासारखे दिसते आणि दोष महिनाभराने उघडकीस येतो. म्हणून क्रम पाठ असावा.

सुरुवात इन्स्टॉल विम माउंट करून तिच्या पोटातील विनआरई विम बाहेर काढण्यापासून होते. विनआरईमध्ये आधी सर्व्हिसिंग स्टॅक (अपडेट लावणारा विंडोजचाच भाग), नंतर लागणाऱ्या भाषा आणि त्यानंतर सेफ ओएस डायनॅमिक अपडेट नावाचे खास पॅकेज घालावे. मग साफसफाई करून (जुन्या फाइली काढून) ती एक्सपोर्ट करावी, म्हणजे नव्या फाइलीत उतरवावी, आणि मुख्य इमेजमध्ये जागच्या जागी परत ठेवावी. इमेजमध्ये अनेक एडिशन (होम, प्रो वगैरे) असतील तर विनआरई एकदाच तयार करून प्रत्येक इंडेक्समध्ये तीच प्रत ठेवावी. प्रत्येकासाठी वेगळी बनवण्यात वेळ फुकट जातो.

मुख्य इमेजमध्ये सर्व्हिसिंग स्टॅक पहिला, त्यानंतर भाषा पॅक, त्यानंतर फीचर्स ऑन डिमांड (विंडोजचे ऐच्छिक भाग), आणि हे सगळे झाल्यावर त्या महिन्याचे संचयी अपडेट, म्हणजे आधीच्या दुरुस्त्याही सोबत आणणारे अपडेट. भाषा आधी आणि संचयी अपडेट नंतर, यामागे साधे कारण आहे. संचयी अपडेटमध्ये प्रत्येक भाषेच्या फाइलींच्याही दुरुस्त्या असतात, पण त्या इमेजमध्ये त्या वेळी हजर असलेल्या भाषांनाच लागतात. भाषा मागाहून घातली तर तिच्या फाइली जुन्याच राहतात आणि संचयी अपडेट पुन्हा घालावे लागते. यानंतर साफसफाई करावी. डॉटनेट ३.५ हवे असेल तर ते साफसफाईच्या नंतर आणि डॉटनेटचे संचयी अपडेट त्याच्याही नंतर घालावे.

शेवटी बूट विमच्या दोन्ही इंडेक्सना संचयी अपडेट लावावे.

सर्व्हिसिंग स्टॅक वेगळा उतरवावा लागतो का?

आता बहुधा नाही. विंडोज १० ची २००४ ही आवृत्ती आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या यांच्यासाठी २०२१ पासून तो संचयी अपडेटच्या एमएसयू फाइलीतच येतो आणि डिझम तो आपोआप आधी लावते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. आपली मूळ विंडोज १० इमेज मार्च २०२२ मधील केबी ५०११५४३ पेक्षा जुनी असेल, तर आधी मे २०२२ मधील केबी ५०१४०३२ हा स्वतंत्र सर्व्हिसिंग स्टॅक घालावा लागतो. तो न घालता पुढे गेल्यास ८००एफ०८२३ हा कोड दिसतो आणि त्याचा अर्थच मुळी नवा सर्व्हिसिंग स्टॅक हवा असा आहे.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी कॅटलॉगवर दोन-दोन एमएसयू फाइली का दिसतात?

या आवृत्तीपासून चेकपॉइंट संचयी अपडेट ही पद्धत सुरू झाली. पूर्वी प्रत्येक महिन्याचे अपडेट मूळ आवृत्तीपासूनचे सगळे बदल सोबत घेऊन येई, त्यामुळे त्याचा आकार महिन्यागणिक वाढत जाई. आता मध्येच एखादे अपडेट टप्पा म्हणून ठरवले जाते आणि त्यानंतरची अपडेट त्या टप्प्यापासून पुढचे बदलच आणतात. सप्टेंबर २०२४ मधील केबी ५०४३०८० हा असा पहिला टप्पा होता.

इमेज बनवणाऱ्याने दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, त्या फोल्डरात दुसरे काहीही ठेवू नये, आणि डिझमला फक्त शेवटच्या, म्हणजे हव्या असलेल्या अपडेटचे नाव द्यावे. आधीचा टप्पा ते स्वतः शोधून लावते. टप्प्याची फाइल सापडली नाही तर काम अडते, आणि गंमत म्हणजे त्रुटीचा संदेश वाचून कारण सहजी लक्षात येत नाही, म्हणून कॅटलॉगवर डाउनलोडचे बटण दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीतील सर्व फाइली न चुकता उतरवून घ्याव्यात.

माझ्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉल विम नाही, इन्स्टॉल ईएसडी आहे. काय करावे?

मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या माध्यमावर हेच होते. ईएसडी फाइल अधिक घट्ट दाबलेली असते आणि ती माउंट करून तिच्यात बदल करता येत नाहीत. डिझमच्या एक्सपोर्ट इमेज कमांडने हवा तेवढाच इंडेक्स विममध्ये काढून घ्यावा, कॉम्प्रेशन मॅक्स ठेवावे आणि एकसंधता तपासण्याचा स्विच द्यावा. यामुळे नको असलेल्या एडिशन आपोआप गळून पडतात. प्रत्येक इंडेक्सवर सगळे अपडेट पुन्हा लावावे लागत असल्याने, सहा एडिशन ठेवून त्यांपैकी एकच वापरणे म्हणजे विनाकारण सहापट वेळ खर्च करणे होय.

अपडेट घातल्यावर फाइल फार फुगली. ती कमी कशी करायची?

अपडेट घातले की जुन्या फाइली लगेच जात नाहीत. त्या विनएसएक्सएस या फोल्डरात पडून राहतात. माउंट केलेल्या इमेजवर स्टार्ट कंपोनंट क्लीनअप ही क्रिया आणि तिच्यासोबत रीसेट बेस हा स्विच चालवला, की मागे पडलेल्या फाइली निघून जातात. त्यानंतर ती अपडेट काढून टाकता येत नाहीत, पण नव्याने बसवायच्या इमेजमध्ये त्याची गरजही नसते.

येथे दोन गोष्टींवर लोक अडखळतात. पहिली म्हणजे साफसफाई करून कमिट केले तरी विम फाइलीचा आकार तेवढाच दिसतो. विम फाइल आतून रिकामी झालेली जागा परत देत नाही, त्यामुळे साफसफाईनंतर इमेज नव्या फाइलीत एक्सपोर्ट करणे भागच असते. सर्व एडिशन एकाच नव्या फाइलीत एक्सपोर्ट केल्या तर समान फाइली एकदाच साठवल्या जातात, आणि चार एडिशनची फाइल एका एडिशनच्या फाइलीपेक्षा फार मोठी होत नाही.

दुसरी अडचण ८००एफ०८०६ या कोडची. इमेजमध्ये काही क्रिया पहिल्या स्टार्टअपसाठी राखून ठेवलेल्या असतील तर साफसफाई नाकारली जाते, आणि डॉटनेट ३.५ सुरू केल्याने नेमके हेच होते. ते साफसफाईच्या नंतर घालण्याचा आग्रह वर धरला, तो यासाठीच.

सेटअप डायनॅमिक अपडेट म्हणजे काय? ते कोठे घालायचे?

हे कोणत्याही इमेजमध्ये घालायचे नसते. ही कॅब फाइल उघडून तिच्यातील फाइली माध्यमावरील सोर्सेस फोल्डरात आहेत त्यांच्यावर ठेवायच्या असतात. इन्स्टॉलेशन चालवणाऱ्या प्रोग्रामच्याच दुरुस्त्या तिच्यात असतात.

याच ठिकाणी एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. बूट विमचा दुसरा इंडेक्स अद्ययावत केल्यावर त्याच्या आत सेटअप ही फाइल नव्या आवृत्तीची होते, पण माध्यमावरच्या सोर्सेस फोल्डरातील त्याच नावाची फाइल जुनीच राहू शकते. दोन्ही एकाच आवृत्तीच्या नसतील तर इन्स्टॉलेशन मध्येच कोसळू शकते. म्हणून दुसरा इंडेक्स माउंट असतानाच त्यातील सेटअप, आणि २४एच२ पासून सेटअप होस्ट हीसुद्धा, बाहेर काढून माध्यमावर ठेवावी. बूट मॅनेजरच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीही याच वेळी बदलून घ्याव्यात.

माउंट, अनमाउंट करताना येणाऱ्या त्रुटींचे काय करावे?

सर्वांत जास्त भेटणारा कोड सी१४२०११७ हा आहे. अनमाउंटची टक्केवारी शंभरापर्यंत जाते, आता झाले असे वाटते, आणि शेवटच्या क्षणी फोल्डर पूर्णपणे अनमाउंट करता आले नाही असा संदेश येतो. दहापैकी नऊ वेळा कारण एकच असते. फाइल एक्सप्लोररची एखादी खिडकी त्या फोल्डरात उघडी राहिलेली असते, किंवा कमांड प्रॉम्प्ट स्वतःच त्या फोल्डरात उभा असतो. खिडक्या बंद कराव्यात, कमांड प्रॉम्प्टला ड्राइव्हच्या मुळाशी आणावे आणि अनमाउंटची कमांड पुन्हा द्यावी. या टप्प्यावर बदल बहुधा कमिट झालेले असतात, पण खात्री नसेल तर ती प्रत टाकून देऊन मूळ इमेजपासून पुन्हा सुरुवात करावी, कारण अर्धवट कमिट झालेल्या इमेजवर विश्वास टाकून चालत नाही.

सी१४२०१२७ म्हणजे हीच इमेज आधीच माउंट केलेली आहे. मध्येच वीज गेली किंवा संगणक रीस्टार्ट झाला की हा कोड दिसतो. डिझमची माउंट पॉइंट साफ करण्याची कमांड चालवली की तो जातो.

८००एफ०८१ई म्हणजे हे अपडेट या इमेजला लागू नाही. वेगळ्या आवृत्तीचे किंवा एआरएमसाठीचे अपडेट उतरवले गेले आहे का, हे आधी पाहावे. विनआरई किंवा विनपीईवर संचयी अपडेट लावताना ८००७००७ई हा कोड आला, तर तो एकत्रित पॅकेजसंबंधीचा ज्ञात दोष आहे. मायक्रोसॉफ्टची स्वतःची नमुना स्क्रिप्टही तो ओळखून पुढे जाते.

कोणत्याही न समजलेल्या कोडसाठी विंडोजच्या लॉग्ज फोल्डरातील डिझम नावाची लॉग फाइल उघडावी आणि शेवटाकडून वर वाचत जावे. पडद्यावर येणारी त्रुटी ही बहुधा शेवटची कडी असते, मूळ कारण तिच्या वीस-तीस ओळी आधी असते.

मागच्या महिन्यात बनवलेल्या इमेजवरच या महिन्याचे अपडेट चढवले तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या चालते. मी तसे करू नये असेच सांगेन, आणि हे सांगण्याइतका मनस्ताप मी त्यातून भोगला आहे.

एका संगणक प्रयोगशाळेसाठी मी सात महिने दर महिन्याला आदल्या महिन्याच्या इमेजवर नवे अपडेट लावत गेलो. वेळ वाचत होता. आठव्या महिन्यात साफसफाई नाकारली जाऊ लागली, आणि बसवलेल्या संगणकांपैकी काहींवर एका भाषेतील सेटिंग्जची पाने अर्धी इंग्रजीत दिसू लागली. कोणत्या महिन्यात काय बिघडले हे शोधण्यासाठी माझ्याकडे सात फाइली होत्या आणि नोंद एकाचीही नव्हती. दोन दिवस शोधल्यावर कळले, की तिसऱ्या महिन्यात मी एक भाषा पॅक संचयी अपडेटनंतर घातला होता. नंतरच्या महिन्यांत अपडेट लागत गेले, पण मधल्या एका महिन्यात घाईने अर्ध्यात थांबवलेले काम तसेच आत राहिले होते. मूळ आयएसओपासून सगळे नव्याने बनवायला मला एक दुपार लागली.

तेव्हापासून मूळ आयएसओमधील विम फाइल मी वाचण्यापुरती खुली ठेवतो आणि दर महिन्याला तिची नवी प्रत काढून सुरुवात करतो. अपडेट संचयीच असल्याने मधले महिने लावावे लागत नाहीत, म्हणून वाटते तेवढा वेळही जादा जात नाही. माझ्या साध्या एसएसडीवर एका इंडेक्सच्या संचयी अपडेटला साधारण पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात दुसरी कामे होतात. सर्व पायऱ्या पॉवरशेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्या की क्रम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ती स्क्रिप्टच नोंदवहीचे काम करते. मूळ प्रत केव्हा बदलावी? मायक्रोसॉफ्ट अधिक ताजी आयएसओ उपलब्ध करते तेव्हा.

ड्रायव्हरही याच वेळी घालावेत का?

घालावेत, पण मोजके. आयएनएफ फाइल असलेले ड्रायव्हरच अशा रीतीने घालता येतात. सेटअप स्वरूपातील ड्रायव्हर आधी उघडून त्यातील आयएनएफ शोधावी लागते. स्टोरेजचा ड्रायव्हर मात्र इन्स्टॉल विमबरोबरच बूट विमच्या दुसऱ्या इंडेक्समध्येही हवा. इंटेलच्या व्हीएमडी तंत्रामागे डिस्क असलेल्या अनेक लॅपटॉपवर सेटअपला एकही डिस्क दिसत नाही आणि लोकांना डिस्क बिघडली असे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

डिफेंडर आणि स्टोअरमधील ॲप्स यांचे काय?

संचयी अपडेटमध्ये यांपैकी काहीही येत नाही. डिफेंडरसाठी मायक्रोसॉफ्ट इमेजमध्ये घालण्याचे वेगळे पॅकेज देते आणि ते दर तीन महिन्यांनी ताजे करण्याची शिफारस करते. ॲप्स पहिल्या लॉगिननंतर स्वतः अद्ययावत होतात. त्यांच्या मागे लागू नये असे माझे मत आहे.

त्यापेक्षा एका संगणकावर विंडोज बसवून, अपडेट करून, त्याचीच इमेज घेतली तर सोपे नाही का?

ज्यांना विंडोजसोबत बरेच सॉफ्टवेअर आधीच बसवून हवे आहे त्यांच्यासाठी हा योग्य मार्ग आहे. आभासी संगणकावर विंडोज बसवून पहिल्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जायचे, हवे ते बसवायचे, सिसप्रेपने जनरलाइझ करून (त्या संगणकाची खास ओळख काढून) बंद करायचे आणि विनपीईमधून इमेज घ्यायची. मात्र या काळात इंटरनेट जोडलेले असेल तर स्टोअरमधील ॲप्स एका वापरकर्त्यापुरती अद्ययावत होतात आणि सिसप्रेप त्यावरून अडून बसते. केवळ अपडेटसाठी मी हा मार्ग निवडणार नाही. ऑफलाइन इमेजवर कोणाचेही लॉगिन झालेले नसते, म्हणून ती स्वच्छ राहते.

तयार इमेज पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही. का?

यूईएफआय संगणकांसाठी पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ मध्ये असतो आणि त्यावर चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही. डिझमच्या स्प्लिट इमेज कमांडने विमचे ३८०० मेगाबाइटचे तुकडे करावेत. एसडब्ल्यूएम या नावाचे हे तुकडे सोर्सेस फोल्डरात ठेवले की सेटअप ते आपोआप ओळखते. मूळ विम तेथून काढून टाकावी.

सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांशी याचा काय संबंध आहे?

जवळचा संबंध आहे. सिक्युअर बूट ही संगणक सुरू होताना फक्त विश्वासू सहीचाच प्रोग्राम चालू देणारी सोय आहे; तिच्यासाठी वापरली जाणारी मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रे २०२६ मध्ये, जूनपासून टप्प्याटप्प्याने, मुदतबाह्य होतात आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. शिवाय ब्लॅकलोटस या बूटकिटमुळे, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या घातक प्रोग्राममुळे, जुन्या बूट मॅनेजरवरचा विश्वास काढून घेण्याची प्रक्रिया मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून हाती घेतली आहे. ज्या संगणकावर हा विश्वास पूर्णपणे काढून घेतला गेला आहे, तो जुन्या बूट मॅनेजरच्या पेनड्राइव्हवरून सुरूच होणार नाही. म्हणून जुने माध्यम तसेच ठेवून फक्त इन्स्टॉल विम बदलण्याची सवय सोडावी. उलट बाजूही लक्षात ठेवावी. ज्या जुन्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये २०२३ चे प्रमाणपत्र अजून पोहोचलेले नाही, त्यावर फक्त नव्या सहीचे माध्यम चालणार नाही. दोन्ही प्रकारचे संगणक हाताळावे लागत असतील तर संक्रमणाच्या काळात दोन पेनड्राइव्ह ठेवून त्यांवर स्पष्ट चिठ्ठ्या लावाव्यात.

विंडोज ७ साठी अजून असे करता येते का?

करता येते. सर्व्हिस पॅक १ असलेल्या इमेजमध्ये आधी केबी ३०२०३६९ आणि नंतर २०१६ मध्ये आलेला केबी ३१२५५७४ हा एकत्रित संच घातला की बहुतेक अंतर भरून निघते. पण विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे. इंटरनेटला जोडलेल्या संगणकासाठी अशी इमेज बनवू नये. विंडोज १० च्या नेहमीच्या एडिशनचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे तिच्या बाबतीतही विस्तारित सुरक्षा अपडेटची सोय आहे का, हे आधी ठरवावे.

लिनक्ससाठी अशीच पद्धत आहे का?

तत्त्व तेच, साधने वेगळी. लाइव्ह आयएसओमधील स्क्वॅशएफएस फाइल उलगडायची, तिच्यात चरूट करून (तिलाच मूळ प्रणाली मानून तिच्यात शिरून) पॅकेज अद्ययावत करायची आणि ती पुन्हा बांधायची. डेबियनसारखी वितरणे ठरावीक काळाने पॉइंट रिलीज काढून आयएसओ स्वतःच ताजी करतात, म्हणून ही गरज तेथे कमी भासते.

कोणीतरी बनवलेली तयार अद्ययावत आयएसओ उतरवली तर?

उतरवू नये. मूळ आयएसओचा हॅश ताडून पाहता येतो, दुसऱ्याने बदललेल्या आयएसओचा नाही. तिच्या आत काय घातले आहे हे तपासण्याचा कोणताही सोपा उपाय नाही, आणि संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टमच अनोळखी माणसाच्या हातून घेतल्यावर वर बसवलेल्या अँटिव्हायरसला काही अर्थ उरत नाही.

इमेज नीट तयार झाली हे कसे तपासायचे?

आधी डिझमला इमेजची माहिती विचारावी. प्रत्येक इंडेक्ससाठी आवृत्तीच्या खाली सर्व्हिस पॅक बिल्ड नावाची एक ओळ येते. नाव जुनाट असले तरी संचयी अपडेटचा क्रमांक तेथेच दिसतो. केबी ५०४३०८० घातलेल्या इमेजमध्ये आवृत्ती २६१०० आणि त्या ओळीत १७४२ दिसायला हवे. हीच तपासणी बूट विमच्या दोन्ही इंडेक्ससाठी करावी. विनआरई आणि विनपीई यांच्यात संचयी अपडेटचा सर्व्हिसिंग स्टॅकपुरताच भाग लागत असेल तर क्रमांक वेगळा दिसू शकतो, त्याने घाबरू नये.

त्यानंतर आभासी संगणकावर, नेटवर्क तोडून, विंडोज बसवावे. नेटवर्क जोडलेले असेल तर जे अद्ययावत दिसते ते इमेजमुळे की नुकत्याच उतरलेल्या अपडेटमुळे, हे कळत नाही. डेस्कटॉप आल्यावर विनव्हर चालवून बिल्ड क्रमांक पाहावा, घातलेल्या प्रत्येक भाषेत सेटिंग्ज एकदा उघडून पाहावे, आणि शेवटी रीएजंटसी ही कमांड इन्फो या स्विचसह चालवून दुरुस्ती प्रणाली सुरू आहे ना, हे बघावे. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा खरोखर उघडला, की मगच ती इमेज पेनड्राइव्हवर चढवावी.